उशिरा आलेला आवाज

श्रावणातल्या एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरात वालाचे बिरडे सोलत बसली होती आणि मी तिथेच टेबलाशी लॅपटॉपवर एक जुने ध्वनिमुद्रण ऐकत होते. जपानच्या राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या खात्याने मूळ तबकड्यांवरून २०१५ साली प्रसिद्ध केलेले ते ध्वनिमुद्रण जेमतेम साडेचार मिनिटांचे आहे. जपानी आम्हा दोघींनाही येत नाही. भाषांतर मी आधीच वाचले होते, त्यामुळे मला त्या वेळी फक्त आवाज ऐकायचा होता. तो काहीसा चढा आणि पातळ आवाज आहे. प्रत्येक तुकडा वर चढतो, शेवटी खाली उतरतो आणि पुढचा तुकडा सुरू होण्याआधी क्षणभर थबकतो. दोनएक मिनिटांनी आईने हातातला दाणा तसाच धरून विचारले, "कोण गेलं गं?" मी सांगितले की कोणी गेलेले नाही, हे जपानचे सम्राट हिरोहितो आहेत आणि युद्ध संपल्याचे ते लोकांना सांगत आहेत. त्यावर ती म्हणाली, "संपल्याचं सांगतायत? मग असं का सांगतायत?" आणि ती पुन्हा सोलू लागली. पहिला प्रश्न मी त्याच रात्री विसरले असते, पण हा दुसरा प्रश्न मात्र पुढे कितीतरी दिवस मनात सलत राहिला. युद्ध संपले ही बातमी जगात कुठेही आनंदाचीच असायला हवी. ती सांगणारा माणूस सुतकात बसल्यासारखा का बोलत होता, आणि त्याचे सुतक नेमके कोणाचे होते?

१५ ऑगस्ट १९४५ च्या दुपारी बारा वाजता हा आवाज जपानभर ऐकू गेला. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी रेडिओवरून सूचना झाली होती की दुपारी महत्त्वाचे प्रक्षेपण आहे. सकाळच्या सूचनेत तर स्वतः सम्राट बोलणार असल्याचेही सांगितले गेले. एरवी दिवसा वीज नसणाऱ्या भागांनाही त्या दुपारी वीज पुरवली गेली आणि प्रक्षेपणाची शक्ती १० किलोवॉटवरून ६० किलोवॉटवर नेण्यात आली. शाळांच्या पटांगणांत, कारखान्यांत, ज्या घरी रेडिओ शाबूत होता त्या घराच्या ओसरीवर माणसे गोळा झाली. निवेदक नोबुकाता वादा यांनी देशभरच्या श्रोत्यांना उभे राहण्याची विनंती केली, राष्ट्रगीत वाजले, आणि मग तो आवाज आला. जपानमध्ये रेडिओ सुरू होऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती, पण सम्राटाने रेडिओवरून आपल्या लोकांशी बोलण्याची ही पहिलीच वेळ. त्यांची मिरवणूक जाताना लोक माना खाली घालत. त्यांचे छायाचित्र शाळाशाळांत देवघरासारख्या वेगळ्या बांधलेल्या जागेत ठेवलेले असे आणि त्यापुढे मुले वाकत. म्हणजे चेहरा ठाऊक होता, नाव तर घेण्याचीही सोय नव्हती, आणि आवाज कोणाच्या कल्पनेतही नव्हता.

जो आवाज आला तो बहुतेकांना समजला नाही. अनेक ठिकाणी रेडिओ खरखरत होता, आणि भाषा दरबारी होती, जुन्या चिनी वळणाच्या शब्दांनी भरलेली, रोजच्या बोलण्यापासून फार दूरची. आपल्याकडे पूजेला बसलेला यजमान भटजींच्या मागोमाग संकल्पाचे संस्कृत शब्द उच्चारतो. अर्थ त्याला लागत नाही, पण आपण काहीतरी गंभीर अंगावर घेतले आहे हे मात्र त्याला पक्के जाणवते. त्या दुपारी उन्हात माना झुकवून उभ्या असलेल्या माणसांचे थोडेफार तसेच झाले असावे. काहींना वाटले की सम्राट शेवटपर्यंत लढा म्हणून सांगत आहेत. काहींनी शेजारचा वडीलधारा माणूस रडताना पाहिला आणि त्यावरून ओळखले. सम्राटांचे भाषण संपल्यावर वादा यांनी तोच मजकूर स्पष्ट आवाजात पुन्हा वाचला आणि पाठोपाठ बातम्यांतून त्याचा खुलासा झाला. सगळे मिळून ते प्रक्षेपण सदतीस मिनिटांच्या आसपास चालले. मला वाटते, हार झाल्याचे लाखो लोकांच्या खऱ्या अर्थाने ध्यानी आले ते वादांच्या तोंडून. सम्राटांच्या आवाजाने त्यांना कळले ते इतकेच, की हा माणूस आहे.

हे सर्वांत नितळपणे मुलांना कळले. पुढे साहित्याचे नोबेल मिळालेले केंझाबुरो ओए तेव्हा शिकोकू बेटावरच्या एका डोंगरी खेड्यात दहा वर्षांचे होते. घरात मोठी माणसे रेडिओभोवती बसून रडत होती आणि मुले बाहेर धुळीच्या रस्त्यावर जमली होती. सम्राट माणसाच्या आवाजात बोलले याचाच त्या मुलांना धक्का बसला होता, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यांच्यातल्या एकाला त्या आवाजाची हुबेहूब नक्कल जमली. मुले त्याच्याभोवती हसली आणि दुसऱ्याच क्षणी भेदरून गप्प झाली. ज्याच्यासाठी मरायला तयार राहायचे असे शाळेत रोज घोकून घेतले जात होते, त्याचा आवाज बारा वर्षांच्या मुलाला काढता येतो, ही जाणीव मला त्या दिवसाच्या सगळ्या हकिकतींमध्ये सर्वांत मोठी वाटते.

आणि ज्यांनी खरोखरच त्याच्यासाठी प्राण दिले होते, त्यांनी तो आवाज कधीच ऐकला नाही.

ही गोष्ट मनात घेऊन मी त्या ध्वनिमुद्रणाच्या रात्रीविषयी मिळेल ते वाचत गेले. भाषण थेट प्रक्षेपित झाले नव्हते. १४ ऑगस्टच्या रात्री साडेअकराच्या सुमारास राजवाड्याच्या आवारातील खात्याच्या इमारतीत ध्वनिक्षेपक मांडला गेला आणि चव्वेचाळीस वर्षांच्या हिरोहितोंनी मजकूर वाचला. पहिल्या वेळी आवाज जरा खाली राहिला, म्हणून त्यांनी पुन्हा वाचला. दुसऱ्या वेळी आवाज चढला आणि एक शब्द निसटला. तिसऱ्यांदा वाचण्याचीही त्यांची तयारी होती, पण तंत्रज्ञ आणि अधिकारी यांनी तेवढ्यावर थांबवले. तबकड्या खाकी सुती पिशव्यांत घालून तोकुगावा नावाच्या राजसेवकाकडे दिल्या गेल्या आणि त्याने त्या सम्राज्ञीच्या कचेरीतल्या एका लहानशा तिजोरीत ठेवल्या. त्याच रात्री शरणागती रोखण्यासाठी मेजर हातानाका आणि त्यांच्या साथीदारांनी बंड केले. शाही रक्षक दलाचे सेनापती मोरी साथ देईनात, तेव्हा त्यांना ठार केले, खोटे हुकूम काढून राजवाडा ताब्यात घेतला आणि सैनिक त्या तबकड्या शोधत खोल्या-खोल्यांतून फिरू लागले. पुष्कळ खोल्या, एकसारखे बोळ, अनोळखी पाट्या आणि वर सगळीकडे मिट्ट काळोख, त्यामुळे त्यांच्या हाती काही लागले नाही. पहाटे हातानाका रेडिओ केंद्रात पोचले आणि पिस्तूल दाखवून आपल्याला बोलू द्यावे म्हणून अडून बसले. निवेदक मोरिओ तातेनो यांनी ध्वनिक्षेपक दिला नाही. १९४१ च्या डिसेंबरात युद्ध सुरू झाल्याची बातमी सकाळी देशाला वाचून दाखवणारे तातेनो तेच, आणि त्या सकाळी ७ वाजून २१ मिनिटांनी सम्राट बोलणार असल्याचे सांगणारेही तेच. बंड सकाळपर्यंत मोडले. हातानाकांनी दुपार व्हायच्या आत स्वतःला संपवले.

हा भाग थरारक आहे आणि बहुतेक ठिकाणी तो तसाच सांगितला जातो. मी मात्र त्या काळोखाशी अडखळले. राजवाड्यातले दिवे घालवलेले होते, कारण हवाई हल्ल्याचा इशारा झाला होता. ती अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमाने तोक्योवर आली नाहीत. ती गेली उत्तरेला अकिताजवळच्या त्सुचिझाकी बंदरातील तेल शुद्धीकरण कारखान्यावर, आणि कुमागाया, इसेसाकी अशा शहरांवर. ज्या अंधाराने तबकड्या वाचवल्या, तो अंधार पाडणारी विमाने त्याच रात्री दुसरीकडे माणसे जाळत होती. कुमागायाचे मोठे क्षेत्र जळून गेले. तिथे आणि त्सुचिझाकीला शेकडो माणसे मेली. शरणागतीचा निर्णय झालेला होता, मित्रराष्ट्रांना कळवण्यात आले होते, सम्राटांचे शब्द तबकडीवर कोरून झाले होते किंवा कोरले जात होते, आणि उजाडल्यावर दुपारी ते ऐकायला ही माणसे उरणार नव्हती. त्याच १४ तारखेला दुपारी ओसाकामध्ये क्योबाशी स्थानकावर बॉम्ब पडले, तिथेही गाडीतून उतरलेल्या आणि पुलाखाली आडोशाला उभ्या राहिलेल्या शेकडो लोकांचा बळी गेला. त्यांची हार झालेलीच होती. त्यांना मारून कोणाला काही मिळायचे नव्हते. बॉम्ब टाकणाऱ्यांचाही हा दोष आहे आणि तो मी कमी मानत नाही.

पण उशीर कोणी केला, याचा हिशेब तबकडीवरच्या आवाजाकडेच येतो. २६ जुलैला जपानला शरण येण्यास बजावणारे मित्रराष्ट्रांचे पॉट्सडॅमचे जाहीरपत्रक निघाले. ६ ऑगस्टला हिरोशिमा, ९ ऑगस्टला पहाटे मांचुरियात सोव्हिएत सैन्य आणि त्याच दिवशी नागासाकी. त्या रात्री राजवाड्याच्या भुयारी खोलीत बैठक बसली, मते निम्मी-निम्मी पडली, पंतप्रधान सुझुकी यांनी सम्राटांना निर्णय विचारला आणि सम्राटांनी पत्रक स्वीकारण्याच्या बाजूने कौल दिला. तरीही गाडी सम्राटपदाचे काय होणार या एका मुद्द्यावर आणखी चार दिवस अडली. मार्चमध्ये एका रात्रीत तोक्यो जळून सुमारे एक लाख माणसे मेली होती. ओकिनावा जूनमध्ये पडले होते. यातल्या कुठल्याही दिवशी हा आवाज येऊ शकला असता का, असे विचारले की इतिहासकार लष्कराच्या पकडीची, मंत्रिमंडळातल्या फुटीची, बंडाच्या भीतीची कारणे देतात, आणि ती कारणे खरी आहेत. मोरींच्या हत्येने ती सिद्धही झाली. तरीसुद्धा जो आवाज १५ ऑगस्टला सत्तर लाखांच्या सेनेला थांबवू शकला, तो त्याच्या आधी काहीच थांबवू शकत नव्हता, हे मला पूर्णपणे पटत नाही.

भाषणाचा मजकूर त्या उशिराबद्दल काही बोलत नाही. शरणागती हा शब्द त्यात कुठेच नाही. चार राष्ट्रांचे संयुक्त जाहीरपत्रक आपण स्वीकारत असल्याचे त्यांना कळवायला सरकारला सांगितले आहे, एवढेच वाक्य आहे. युद्ध जपानच्या रक्षणासाठी आणि पूर्व आशियाच्या स्थैर्यासाठी पुकारले होते, दुसऱ्यांचे प्रदेश गिळण्याचा हेतू नव्हता, असे त्यात म्हटले आहे. नानकिंगमध्ये, मनिलामध्ये किंवा सिंगापुरात ज्यांच्या घरात ते युद्ध शिरले, त्यांनी हे वाक्य कसे ऐकले असेल? मसुद्यात युद्धाची स्थिती दिवसेंदिवस बिघडत आहे अशा अर्थाचे एक वाक्य होते. युद्धमंत्री अनामी त्याला कडाडून विरोध करत राहिले, आणि अखेर ते बदलून परिस्थिती जपानला अनुकूल वळण घेतेच आहे असे नाही, अशा अर्थाचे करण्यात आले. दोन शहरे अणुबॉम्बने नाहीशी झालेली असताना मंत्रिमंडळ त्या एका वाक्यावर बराच वेळ वाद घालत होते. अनामींनी पहाटे पोटात कट्यार खुपसून घेतली. दुपारचे भाषण ऐकायला तेही नव्हते. शत्रूने नवा आणि अत्यंत क्रूर बॉम्ब वापरला आहे, युद्ध चालू राहिले तर जपानच काय, मानवी संस्कृतीच नष्ट होईल, असेही त्यात आहे. रणांगणावर मेलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा विचार करून रात्रंदिवस काळीज फाटते, असेही आहे, आणि ते वाक्य वाचताना तो आवाज खरोखरच हलतो. मग ते वाक्य येते जे सगळ्यांच्या लक्षात राहिले: असह्य ते सोसून, सोसवणार नाही तेही सोसून पुढच्या पिढ्यांसाठी शांततेची वाट मोकळी करायची आहे.

या मजकुरात क्षमेची भाषा एकाच ठिकाणी आहे. आपण कोट्यवधी प्रजाजनांना वाचवू शकलो नाही, तर पूर्वजांच्या पवित्र आत्म्यांपुढे कोणत्या तोंडाने जाऊ, असे हिरोहितो विचारतात. अपराधीपणाचा रोख पूर्वजांकडे आहे. समोर उभ्या असलेल्या, घर जळालेल्या, पोर गमावलेल्या माणसांना सोसायला सांगितले आहे. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले असे वाटते. तो आवाज शोकाचाच आहे, आणि तो खोटा नाही. पण ज्याचा शोक तो करतो आहे ते आहे पूर्वजांनी हाती दिलेले राज्य, आणि ऐकणाऱ्यांना मात्र आपापल्या मेलेल्या माणसांसाठी त्या एकाच आवाजात जागा शोधावी लागली. कित्येकांना ती सापडलीही. बाया-माणसे मोकळेपणी रडली ती पहिल्यांदा त्या दुपारी, असे सांगणारे पुष्कळ आहेत. आता रात्री दिवा उघडा ठेवता येईल, हा विचार काहींच्या मनात सर्वांत आधी आला. त्या सुटकेवर मला टीका करवत नाही. ऐकताना माझाही घसा दाटून येतो आणि मजकूर हातात घेतला की मी पुन्हा चिडते. ही दोन्ही टोके माझ्या मनात एकमेकांना पुसत नाहीत.

एक वाक्य आपल्यापर्यंतही पोचते, आणि ते मराठी वाचकांनी थांबून ऐकावे असे आहे. पूर्व आशियाच्या मुक्तीसाठी साम्राज्याला सातत्याने साथ देणाऱ्या, म्हणजे जपानच्या बाजूच्या, देशांबद्दल सम्राटांनी तीव्र खेद व्यक्त केला. कोणाचेही नाव घेतले नाही. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात स्थापन झालेल्या आणि जपानने मान्यता दिलेल्या आझाद हिंद सरकारला त्या खेदाचाच काय तो वाटा मिळाला. सुभाषबाबू त्या दिवशी सिंगापुरातच होते. १६ तारखेला ते तिथून निघाले आणि १८ तारखेला तैवानमधल्या तैहोकूला (आजच्या तैपेईला) त्यांचे विमान कोसळले. त्यांच्या सेनेतले एक वरिष्ठ अधिकारी जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडचे, मूळचे मराठा पलटणीतले. त्याच मराठा पलटणीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकच्या टेकडीवर जपान्यांशी पाणी तुटेपर्यंत लढली होती, आणि पहिली बटालियन १९४६ मध्ये राष्ट्रकुलाच्या ताबा-सैन्याबरोबर खुद्द जपानमध्ये जाऊन राहिली. सातारा-कोल्हापूरकडच्या, कोकणातल्या शिपायांनी त्या गावांत पहारे दिले, जिथे वर्षभरापूर्वी लोक रेडिओपुढे माना झुकवून उभे होते. एकमेकांची भाषा न कळणारी ती माणसे एकाच युद्धाच्या दोन बाजूंनी तिथे आलेली होती. त्यांच्या आठवणी कोणी तेव्हाच नीट टिपून ठेवल्या असत्या तर किती बरे झाले असते, असे मला कळकळीने वाटते.

आणि तारीख तर आपलीच. हिंदुस्थानच्या सत्तांतरासाठी १५ ऑगस्ट का निवडला याचे कारण माउंटबॅटन यांनी नंतर सांगितले की तो जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन होता. आग्नेय आशियातले सरसेनापती या नात्याने ती शरणागती त्यांच्या कारकिर्दीची सर्वांत मोठी घटना होती. कोरियात हाच दिवस ३५ वर्षांच्या जपानी अमलातून सुटल्याचा दिवस म्हणून साजरा होतो. तिथल्या माणसांनीही तेच शब्द, तीच खरखर ऐकली आणि त्यांना त्यात आपली सुटका ऐकू आली. सम्राट ज्या दहा कोटी प्रजेविषयी बोलले, त्या आकड्यात कोरिया आणि तैवानची माणसेही मोजलेली होती. आणि काहींपर्यंत तो आवाज पोचलाच नाही. ग्वामच्या जंगलात योकोई नावाचे जपानी सैनिक १९७२ पर्यंत लपून राहिले. फिलिपाइन्समधल्या लुबांग बेटावर ओनोदा हे जपानी अधिकारी १९७४ पर्यंत लढत राहिले. शेवटी त्यांचा जुना वरिष्ठ अधिकारी तिथे जाऊन त्यांना हुकूम वाचून दाखवेपर्यंत त्यांनी शस्त्र खाली ठेवले नाही. त्या वर्षांत त्यांच्या हातून त्या बेटावरचे निरपराध गावकरी मारले गेले, याची आठवण त्यांच्या कौतुकात बहुधा राहून जाते.

१९७५ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतल्यावर, हिरोहितोंनी वार्ताहरांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. एकाने युद्धाच्या जबाबदारीबद्दल त्यांना काय वाटते असे विचारले. ते म्हणाले की अशा शब्दांच्या बारकाव्यांचा, साहित्यातल्या गोष्टींचा आपला फारसा अभ्यास नाही, म्हणून उत्तर देता येत नाही. हिरोशिमाबद्दल विचारल्यावर ते म्हणाले की अणुबॉम्ब टाकला गेला हे खेदाचे आहे, हिरोशिमाच्या नागरिकांबद्दल वाईट वाटते, पण युद्धकाळ असल्याने त्याला इलाज नव्हता. तीस वर्षांपूर्वी संपूर्ण देशाला उभे करून ऐकवलेल्या आवाजाला या वेळी समोर बसलेल्या माणसांनी साध्या, रोजच्या भाषेत प्रश्न विचारले होते, आणि उत्तर देण्यासाठी त्यांना कोणी लिहून दिलेला दरबारी मसुदा वाचायचा नव्हता. त्यानंतर ते आणखी तेरा वर्षे जगले. जबाबदारीच्या त्या प्रश्नाला त्यांनी जाहीरपणे दुसरे उत्तर दिले नाही.